केरबा बायकोला आणायला जातो

पाटवडे गावात केरबा नावाचा एक भोळा होता. भोळे प्रत्येक गावात असतात. पण बाकीचे भोळे सांगितलेलं विसरतात, आणि केरबा ते कधीच विसरत नसे. सगळी पंचाईत तिथंच होती.

केरबाचं लग्न झालं. बायको सुंदरा माहेरी गेली, ती तिथंच राहिली. तिच्या बापाने, तातोबाने निरोप धाडला, "माझी पोर पायी येणार नाही. गाडी घेऊन या, नाहीतर येऊच नका." तातोबाच्या दारात मोटार होती ना! ती वर्षातून दोनदा चाले. एरवी तिच्यात कोंबड्या अंडी घालत. पण गावाने त्याला मोटारवाले तातोबा म्हटलं होतं, आणि तेवढ्यावर त्याचं पोट भरत होतं.

केरबाची आई अनसाबाई थकली होती. डोळे मिटायच्या आत सून उंबऱ्याच्या आत यावी, एवढंच तिचं मागणं होतं. ती म्हणाली, "सायकल पण गाडीच की. जा घेऊन."

केरबा सायकल घेऊन निघाला. सासरच्या वाटेवरल्या खिंडीच्या पायथ्याशी चाकातली हवा गेली. केरबा तिथंच बसला आणि अंधार पडल्यावर परत आला.

"अरे मेल्या," आई म्हणाली, "गाडी अडली तर पंप घ्यायचा, हवा भरायची आणि पुढं जायचं!"

"बरं आये."

गावात शिवराम दुकानदाराने विजेवर चालणारी स्कूटर घेतली होती. "पुढचा काळ हिचाच," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. अनसाबाईने हातापाया पडून ती मागून दिली. खिंडीत तिची बॅटरी संपली. केरबाने पंप काढला आणि हवा भरायला घेतली. दुपारभर भरली. टायर फुटला, तेव्हा कुठं थांबला.

शिवराम दारात येऊन ओरडला, "अरे शहाण्या! ती अडली की सावलीत उभी करायची. आतली बॅटरी सोडवायची, जवळच्या घरात न्यायची आणि दोन तास प्लगला लावायची!"

"ऐकलंस का रे?" आई म्हणाली.

"ऐकलं आये. सावलीत उभी करायची, सोडवायचं, घरात न्यायचं, लावायचं."

तिसऱ्या खेपेला शेजारच्या बाळू टांगेवाल्याने घोड्यासकट टांगा दिला. खिंड चढताना घोडा दमला. केरबाने टांगा सावलीत उभा केला, घोडा सोडवला आणि रस्त्याकडेच्या एका घरात नेला. घरात सत्यनारायण चालला होता.

"वहिनी, प्लग कुठाय?" केरबाने विचारलं. "याला दोन तास लावायचंय."

वहिनीच्या हातातलं ताट पडलं. भटजी पोथी घेऊन माळ्यावर चढले. घोड्याने चौरंगाचे केळीचे खुंट खाल्ले, मग प्रसाद खाल्ला. लोकांनी केरबालाही प्रसाद दिला, तो वेगळा.

"अरे, जनावर ते!" आईने कपाळावर हात मारला. "अडलं तर पाणी दाखवावं, हिरवा चारा घालावा, पाठ थोपटून 'चल राजा' म्हणावं."

"बरं आये."

आता गावात केरबाला कुणी चाकसुद्धा देईना. तातोबाचा निरोप आला, "ही शेवटची खेप. नाहीतर सोडचिठ्ठी." मग केरबा चालतच गेला आणि पहिल्यांदाच सासरी पोचला.

"गाडी कुठाय, जावईबापू?" तातोबाने विचारलं.

"नाही आणली, मामा. म्हणून तर पोचलो."

"चालत? लोक काय म्हणतील मला!" तातोबाने कोंबड्या हाकलल्या आणि लेक-जावयाला मोटारीत बसवलं. मोटार खिंडीपर्यंत गेली आणि अडली. तातोबा दार उघडून बाहेर येईपर्यंत केरबाने ओढ्याचं पाणी आणून पेट्रोलच्या टाकीत ओतलं होतं. इंजिनात हिरवं गवत कोंबून तो टपावर थोपटत होता.

"चल राजा!"

"गाढवा!" तातोबा किंचाळला. "बंद पडलेल्या गाडीला हात लावायचा नसतो! ती तिथंच सोडायची, येईल त्या वाहनात बसायचं आणि आपलं घर गाठायचं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री येऊन बघतो!"

एवढं बोलून त्याने ते करूनही दाखवलं. एक टेम्पो आला. त्यात एकच जागा होती, पुढची, मोटारवाल्याला शोभेल अशी. तातोबा तीत बसून आपल्या गावी गेला. लेक रस्त्यावरच राहिली.

सुंदराने पदर खोचला. "चला हो. पाय आहेत आपल्याला."

केरबाला बायको आवडली. दोघं बोलत बोलत निम्मी खिंड चढली. वरच्या वळणावर सुंदरा दगडावर टेकली.

"आता एक पाऊल टाकवत नाही बघा. जरा थांबा."

केरबाने तिच्याकडे नीट पाहिलं. तेवढ्यात पाटवड्याकडे जाणारी जीप आली.

अनसाबाई उंबऱ्यात आरतीचं ताट घेऊन उभी होती. जीप थांबली. केरबा उतरला, आणि जीप निघून गेली.

"सून कुठाय रे?"

"बंद पडली, आये. वरच्या वळणावर," केरबा म्हणाला. "तू काळजी करू नको, मी हातसुद्धा लावला नाही. उद्या मिस्त्री जाऊन बघेल."