टाकीतली शिल्लक

"पण मला नापास का केलंत, ते आधी सांगा."

भैरवी जगदाळे तळ्याच्या पायरीवर उभी होती. केसांतून पाणी गळत होतं, आणि पाठीवरची टाकी उतरवायचंही तिला सुचलं नव्हतं.

उस्ताद काठावर बसले होते. ते भुईमुगाच्या शेंगा फोडत होते.

शहरातल्या बागेतलं हे तळं. पलीकडे घसरगुंडी, पाण्यात हंसाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या, आणि काठावर पाटी: 'पाण्यात उतरण्यास सक्त मनाई'. उस्ताद मुश्ताक दळवी त्याच पाटीवर आपला टॉवेल वाळत घालायचे. ते नौदलातले जुने पाणबुडे. बागेच्या कमिटीशी भांडून त्यांनी सकाळची वेळ मिळवली होती. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली कसं उतरायचं, हे ते शिकवत. त्यांनी शब्द टाकला की शहराचं बचावपथक माणूस घेई, नाहीतर नाही.

त्या पथकात आजवर एकही बाई गेली नव्हती.

"गणप्याला पास केलंत," भैरवी म्हणाली. "त्याला गाळात स्वतःचा हात सापडत नाही. मी मुलगी आहे म्हणून का?"

"मुलगी आहेस होय? पाण्याखाली मला सगळे बेडकासारखेच दिसतात."

ती हसली नाही. हसायला आलीच नव्हती. तिने टाकीचा काटा त्यांच्या नाकासमोर धरला.

"हे बघा. पोरांबरोबर उतरले, पोरांच्या मागून वर आले. त्यांच्या टाक्या संपत आल्यात. माझी अर्धी शिल्लक आहे."

"म्हणूनच नापास."

"म्हणजे?"

"मी वरून बुडबुडे बघत असतो. पोरांचे सारखे येतात. तुझे येतच नाहीत. एक श्वास घेतेस आणि धरून बसतेस."

"नियम मला पाठ आहे, उस्ताद. टाकी पाठीवर असली की श्वास धरायचा नाही. धरून वर आलं की फुप्फुस फुटतं. पण वर येताना मी सोडतेच. खाली असताना धरते, हवा वाचवायला."

"आणि गाळात पाय अडकला, घाबरलीस, झटक्यात वर आलीस... तेव्हा सोडायचं सुचेल?"

"मी घाबरत नाही."

"मग तर नापासच."

भैरवीचा चेहरा लाल झाला.

"मी हवा का वाचवते ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

उस्तादांना ठाऊक होतं. अख्ख्या शहराला ठाऊक होतं. तिचा धाकटा भाऊ हर्षल एका सकाळी याच तळ्यात होडीतून पडला होता. भैरवी जिल्ह्यात पोहण्यात पहिली आलेली, तिने कपड्यांनिशी उडी मारली. खाली गेली, वर आली, पुन्हा गेली.

"माझा हात त्याच्या शर्टाला लागला होता," ती म्हणाली. "लागला होता, उस्ताद! आणि माझा श्वास संपला. वर येऊन पुन्हा गेले, तर तिथे नुसता गाळ."

पथक दुपारी आलं. पाटी दुसऱ्या दिवशी लागली.

"पुन्हा माझा श्वास संपणार नाही. आई सांगू दे, पथक सांगू दे, नाहीतर तुम्ही सांगा. नाही म्हणजे नाही."

शेंगावाला टोपली घेऊन जवळच बसला होता. त्याला राहवलं नाही.

"ताई, पाण्यात राहून माशाशी वैर बरं नव्हं."

"मासा चुकत असला तरी?"

शेंगावाल्याने तोंड फिरवलं. उस्तादांनी मांडीवरची टरफलं झटकली आणि आपली टाकी उचलली.

"चल."

दोघं उतरली. खाली पाणी हिरवं, आणि तळाशी हिरवंही नाही, नुसतं गढूळ. समोरासमोर गुडघे टेकून बसली तेव्हा एकमेकांचे चेहरे जेमतेम दिसत होते.

उस्तादांनी आपल्या तोंडातली नळी काढली. गळ्यावरून आडवा हात फिरवला. पाणबुड्यांची खूण ती: माझी हवा संपली.

भैरवीने क्षणाचाही विचार केला नाही. स्वतःची नळी काढून त्यांच्या तोंडात दिली.

उस्ताद सावकाश श्वास घेऊ लागले. घेतला, सोडला. घेतला, सोडला. बुडबुडे वर जात राहिले.

नळी तोंडात नसली की ओठ किंचित उघडे ठेवून बारीक बुडबुडे सोडत राहायचं, हा पहिल्या दिवशीचा धडा. भैरवीने ओठ घट्ट मिटले होते. तिने हात पुढे केला.

उस्तादांनी नळी दिली नाही. बोटाने तिच्या ओठांकडे दाखवलं.

तिने मान हलवली. नाही.

ते थांबले...

तिच्या कमरेला जादा नळी लटकत होती. ती तोंडात घालणं तिच्याच हातात होतं. पण तिने तिला हातही लावला नाही. डोळे वटारून उस्तादांकडे बघत राहिली. हट्टाला औषध नसतं म्हणतात, ते खोटं नाही.

तिची छाती आचके देऊ लागली. उस्तादांचं बोट होतं तिथेच होतं.

आणि मग तिचं तोंड उघडलं. बुडबुड्यांचा लोट निघाला, आणि त्याबरोबर आवाज. पाण्याखाली ती ओरडत होती. पोटातून, होतं नव्हतं ते सगळं. वर होडीत बसलेल्यांना काही ऐकू आलं नाही.

उस्तादांनी नळी अलगद तिच्या तोंडात ठेवली, आणि मग आपली आपल्या तोंडात घातली.

वर आल्या आल्या भैरवी कडाडली.

"तुमच्या टाकीत हवा होती!"

"भरपूर होती."

"मग खोटी खूण का केलीत?"

"मला लगेच दिलीस."

"द्यायचीच असते ना!"

"आणि स्वतःला?"

उस्ताद काठावरच्या पायरीपर्यंत गेले. तिथे बसलं की पाणी गळ्याशी येतं. त्यांनी पायरीवर हात थोपटला.

"इथे बैस. टाकी पाठीवर राहू दे. डोकं पाण्याखाली घाल आणि श्वास घे. घे आणि सोड, दुसरं काही करायचं नाही. ही टाकी रिकामी झाली की पथकाला माझा शब्द."

"रिकामी? टाकी कधी पूर्ण संपवायची नसते. तुम्हीच शिकवलंत."

"ते तळाला. इथे उभी राहिलीस की डोकं बाहेर."

"तुम्ही म्हणाल म्हणून मी माझा राग सोडणार नाही."

"राग कोण मागतंय? राहू दे तो. पथकात लागेल."

भैरवी पायरीवर बसली. नळी तोंडाशी नेली, आणि पुन्हा खाली घेतली. हंसाची एक होडी समोरून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत भैरवी बघत राहिली. मग बोलली, तेव्हा पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता.

"उस्ताद... थोडी शिल्लक ठेवते."

उस्तादांनी काठावरची शेंगांची पुडी जवळ ओढली आणि एक शेंग फोडली.

"कुणासाठी?"