सातविणीची उरलेली साल

पूर्वी कुरुंदनगरात अजितंजय राजाचे राज्य होते. त्या काळी बोधिसत्त्व नगराबाहेरच्या डोंगरात, झाडांची साल काढून औषध देणाऱ्यांच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव तिंदुक. बायको विमला आणि लहानगी लेक चंपिका, एवढाच त्याचा संसार.

त्या डोंगरात सातविणीची झाडे होती. तिची साल कडू जहर. पण उकळून काढा दिला की हिवताप उतरे. वाडवडिलांनी रीत घालून दिली होती, की एका माणसाने वीतभर रुंद पट्टी काढावी, जखमेवर शेणमाती लिंपावी आणि झाडाला हात जोडून निघावे. फांदीला मात्र कोयता लावायचा नाही. शेंड्यावर यक्ष राहतो आणि फांदी तोडणाऱ्याचा तो वंश ठेवत नाही, असे सगळे मानीत.

एका साली हिवताप घरोघर शिरला. माणसे सालीसाठी धावली. रीत सगळेच पाळत होते. एकाने वीतभर काढली, तिच्या शेजारी दुसऱ्याने वीतभर काढली. होता होता पट्ट्या खोडाभोवती फिरून एकमेकींना भिडल्या, आणि झाडे उभ्या उभ्या वाळली. ओढ्याकाठची एकच सातवीण हिरवी राहिली. तिच्याही खोडावर वीतभर साल तेवढी उरली होती.

अशात चंपिकेला थंडी वाजून ताप भरला.

तिंदुक कोयता घेऊन झाडापाशी गेला. पाते सालीला टेकवले आणि वर पाहिले. एवढ्याशा सालीच्या आधाराने केवढे झाड जगत होते! ही काढली तर चंपिका वाचेल. पण घरोघरी कण्हणारी बाकीची पोरे? पुढच्या साली आजारी पडतील ती? त्याने कोयता खाली ठेवला, त्या पट्टीला पाठ लावली आणि तिथेच बसला.

तेवढ्यात कुळाचा म्होरक्या कंबुक माणसे घेऊन आला. त्याचा नातू तापाने पडला होता.

"ऊठ रे तिंदुका. स्वतः काढत नाहीस, दुसऱ्याला काढू देत नाहीस. झाडाशी सोयरीक केलीस की काय?"

"मामा, ही काढली की झाड गेलं."

"जाऊ दे झाड! माझा नातू चाललाय."

"माझी लेकही चाललीय, मामा."

मागून विमला धावत आली.

"अहो, तिचे दात वाजायचे थांबेनात, आणि तुम्ही इथे टेकून बसलात? बाप आहात की धोंडा?"

तो शब्द त्याच्या काळजाला लागला, पण तो हलला नाही. पुन्हा वर पाहत म्हणाला, "साल फांद्यांनाही असते. पातळ असते, गुण कमी असेल. दिवसभर उकळू."

माणसे मागे सरली. "वर यक्ष आहे! वंश बुडवील तुझा!"

आता सगळे विमलेकडे पाहू लागले, कारण तो वंश तिच्याच घरात तापाने फणफणत होता. तिने डोळे पुसले आणि पदर खोचला.

"चढा तुम्ही. मी खाली फांद्या गोळा करते."

तिंदुक उठला. "मामा, मी उतरेपर्यंत माझ्या जागी पाठ लावून बसा." कंबुक पट्टीला पाठ लावून बसला.

तिंदुकाने हात जोडले. "यक्षराज, राग आला तर तोडणाऱ्या हातावर काढा. लेकराला हात लावू नका." आणि तो चढला. बाजूच्या तेवढ्या फांद्या त्याने उतरवल्या, शेंडा राखला.

वस्तीत एकच मोठी कढई चढली. आधी जास्त आजारी पोरांना, कंबुकाच्या नातवालाही, काढा मिळाला. चंपिकेला तिची पाळी आली तेव्हा. तिंदुक पुन्हा झाडापाशी जाऊन बसला. घरी जायचे त्याला धाडस होईना. लोकांचा धीर सुटला तर कोयता चालेल, हीही भीती होती.

सकाळी विमला ओढ्यावरून चालत आली. ती समोर उभी राहिली आणि म्हणाली,

"पोरीने पेज मागितली."

तेव्हा कुठे तिंदुक रडला.

ही कथा सांगून शास्ते म्हणाले, "भिक्खूंनो, त्या वेळचा कंबुक म्हणजे आज विहाराचे दार राखणारा हा वृद्ध भिक्खू. चंपिका म्हणजे आजाऱ्यांना औषध पाजणारी ती उपासिका. विमला म्हणजे राहुलमाता, आणि तिंदुक मीच होतो. घरात लेक तापलेली आणि हाताशी कोयता असताना जो पाठ लावून बसून राहतो, त्याच्या त्या बसण्याला अधिष्ठान पारमिता, अढळ निश्चयाची पूर्णता, म्हणतात."