बाहेरची कडी

फार फार पूर्वी, म्हणजे तुमच्या पणजीच्या पणजीलाही ज्याचा पत्ता माहीत नव्हता अशा काळी, एक नगर होतं. नगर मोठं होतं, श्रीमंत होतं, आणि त्या नगरात कुणाचा कुणावर काडीचा विश्वास नव्हता.

जावई जेवायला आला की सासू त्याच्या पानातली चांदीची वाटी गुपचूप उचलून पितळेची ठेवत असे. शेजारीण विरजण मागायला आली तर ती गेल्यावर घरातले सगळे डबे उघडून पाहिले जात. देवळात लोक डोळे मिटून हात जोडत, पण एक डोळा चपलांकडे असे. हसू नका. तुमच्याकडे असं होत नाही म्हणता? बरं, नसेल होत.

अशा या नगरात दर वर्षी कोवळी पोरंपोरी येऊन पडत. कुणाचं शेत नदीने नेलेलं, कुणाचे आईबाप साथीत गेलेले, कुणाला सावत्र बापाने हाकललेलं. दिवसा ती ओझी वाहत, फुलं ओवत, भांडी घासत. रात्री मंडईतले भाजीचे ओटे रिकामे झाले की त्यांवर अंग टाकत. पहाटे भाजीवाले आले की त्यांना उठावं लागे, मग ताप असो की थंडी.

नगरातले लोक त्यांच्याकडे बघत आणि म्हणत, "वय कोवळं आहे, पण नजर पाहिलीत का? लबाड आहे नजर." नजर लबाड नव्हती, झोपेला आलेली होती. पण झोपेला आलेल्या नजरेवर विश्वास ठेवायचा म्हणजे आधी तिच्याकडे नीट बघायला हवं, आणि तेवढा वेळ कुणाला?

एका हिवाळ्यात राजाची स्वारी पहाटे मंडईवरून गेली. ओट्यावर कुडकुडत मुटकुळं करून पडलेली पोरं पाहून राजाला खरंच वाईट वाटलं. मनाचा तो चांगला होता. त्याने हुकूम सोडला आणि पोरांसाठी एक घर बांधवलं. जाड भिंती, उबदार गोधड्या, रोज संध्याकाळी गरम पेज. दार तर असं भक्कम, की हत्तीनेही विचार करावा. त्या दाराला लोखंडाची मोठी कडी बसवली गेली, आणि ती बसवली बाहेरून.

दिवेलागणीला पहारेकरी ती लावणार, उजाडल्यावर काढणार. पहारेकऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाचा हात कडीला लागला तर त्याला नगराबाहेर घालवणार. कडी बाहेरून आहे यात वावगं काय, हे त्या नगरात एकालाही सुचलं नाही. राजालाही नाही, सुतारालाही नाही.

घराची देखरेख द्वारकाबाईंकडे आली. या एकट्या राहणाऱ्या, उतारवयाच्या बाई. साऱ्या नगरात संशयी म्हणून त्यांचा लौकिक होता, म्हणूनच त्यांची निवड झाली. कमरेला किल्ल्यांची आणि चार नाण्यांची चंची असायची, आणि बोलता बोलता त्यांचा हात तिच्याकडे जायचा. दाराशी आलेल्या प्रत्येकाला त्या तीनच प्रश्न विचारत. "कुणाची तू? गाव कोणतं? या नगरात ओळखीचं कोण?" तिसऱ्या प्रश्नाशी बहुतेकांची वाचा बसायची. ओळखीचं कुणी असतं तर पोरं ओट्यावर कशाला निजली असती?

काही पोरं दारापर्यंत आली, कडीकडे बघून परत फिरली. काही एक रात्र राहिली, ती पुन्हा फिरकली नाहीत. घर रिकामंच राहिलं. लोक म्हणाले, "बघा! गोधडी दिली, पेज दिली, तरी यांना ओटाच गोड. चोऱ्या करायला मोकळं राहायचंय, दुसरं काय!"

राजाच्या कानावर हे गेलं. तोही अखेर त्याच नगरातला. त्याने दवंडी पिटवली, की पौषी पौर्णिमेपर्यंत घर भरलं नाही तर ते बंद होईल, आणि ओट्यावरच्या सगळ्या पोरांना वेशीबाहेर काढलं जाईल. वेशीबाहेर रान होतं, थंडी होती आणि वाघ होता.

घरासमोरच्या निंबाच्या पारावर एक मुलगी रोज येऊन बसायची. सोनकी तिचं नाव, वय सोळा-सतरा. फुलं ओवून ओवून तिची बोटं सुयांनी टोचलेली होती. ती घराकडे बघत बसायची आणि द्वारकाबाई तिच्याकडे. ही नक्की कशावर टपून आहे, असं दोघींनाही एकमेकींबद्दल वाटायचं.

एके दिवशी द्वारकाबाईंनी तिला पेजेचा वाडगा नेऊन दिला. सोनकीने त्यातली थोडी पेज पाराखालच्या कुत्र्यापुढे ओतली. कुत्रं चाटूनपुसून शेपूट हलवत उभं राहिलं. ते नीट उभं आहे हे बघून मग तिने वाडगा तोंडाला लावला.

द्वारकाबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "माझ्या पेजेत काय विष कालवलंय?"

"तसं न्हाई, मावशी," सोनकी म्हणाली. "पण फुकट कोन कशाला देतं?"

आता खरं सांगायचं तर हा प्रश्न द्वारकाबाईंना मनातून आवडला. त्यांनीही हेच विचारलं असतं. त्या जरा मऊ होऊन म्हणाल्या, "मग आत का निजत नाहीस? थंडीने मरशील."

"कडी भायेर हाय."

"असेना! तुमच्याच भल्यासाठी आहे. चोर शिरू नयेत म्हणून."

"मावशी, चोर भायेरनंच येतो न्हवं? भायेरची कडी त्याला उघडता येती. आतल्यालाच तेवढी येत न्हाई."

द्वारकाबाईंनी नाक मुरडलं.

सोनकी वाडग्यात बघत बोलत राहिली. "पहिल्यांदा आले तवा एका मोठ्या घरच्या बाईनं खोली दिली मला. म्हणाली, पोरीगत ठेवीन. सकाळी कामाला कडी काढायची, रातच्याला लावायची. एकदा समदं घर जत्रेला गेलं आनि कडी काढायचं इसरलं. परत आली तवर मी तहानेनं भिंतीची वल चाटत व्हते."

ऐकून द्वारकाबाईंचा जीव क्षणभर गलबलला. पण दुसऱ्याच क्षणी जुनी खोड जागी झाली. काय छान गोष्ट रचली आहे, असं त्या मनाशी म्हणाल्या, आणि वाडगा घेऊन परत फिरल्या.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशीही घर रिकामंच होतं. उद्या सगळं सरकारजमा करायचं, तेव्हा एखादी गोधडी कमी तर नाही ना, हे बघायला द्वारकाबाई तिन्हीसांजेला आत गेल्या. गोधड्यांची चळत मागच्या भिंतीशी होती. तिथे पणती ठेवून त्या मोजू लागल्या. तेवढ्यात पहारेकरी आला. आत कुणी आहे का हे त्याने विचारलं नाही, कारण आत कधीच कुणी नसे. त्याने दार ओढलं, कडी घातली आणि तो चालता झाला.

खट् असा आवाज आला. बाहेरून तो आवाज द्वारकाबाईंनी रोज ऐकला होता. आतून आज पहिल्यांदाच ऐकला.

त्या दचकून वळल्या, पदराचा धक्का पणतीला लागला, आणि पणती गोधड्यांत उलटली. ज्वाळा उठली नाही, पण कापूस धुमसू लागला. एक उंचावरचं गवाक्ष सोडलं तर धुराला वाट नव्हती. द्वारकाबाई दारावर मुठी आपटू लागल्या. "उघडा! अहो, मी आहे आत! द्वारका!"

रस्त्याने तेली चालला होता. तो थबकला आणि म्हणाला, "पोरांची सोंगं! उघडलं की अंगावर येतील." त्याच्यामागून द्वारकाबाईंची सख्खी शेजारीण आली. तिने कान देऊन ऐकलं आणि कौतुकाने मान हलवली. "द्वारकाबाईंचा आवाज अगदी हुबेहूब काढतात हो मेली!" आणि दोघेही आपापल्या घरी गेले. गेल्यावर त्यांनी दारं घट्ट लावून घेतली, हे सांगायला नकोच.

पारावर सोनकी उरली. तिनेही सगळं ऐकलं होतं. ती दाराजवळ आली, पण कडीला हात लावला नाही. उद्या आपल्याला घालवायचंच आहे, तर आज चोरीचा आळ घेऊन घालवायचा हा डाव तर नसेल? मागे एकदा गोड बोलण्याला ती फसली होती.

"कोन हाय आत?"

"मी गं! द्वारका!"

"कुनाची तू? गाव कंचं?" सोनकी टिंगल करत नव्हती. विचारायचं ते एवढंच, असं ती याच दारात शिकली होती. "या नगरात वळखीचं कोन हाय?"

आत द्वारकाबाई खोकत होत्या आणि आठवत होत्या. शेजारीण? ती आत्ताच निघून गेली. भाऊ? त्याच्याशी एका वाटीवरून बोलणं तुटलं होतं. माझी आहे असं म्हणेल असं साऱ्या नगरात एक माणूस त्यांना सापडेना.

"सोनके," त्या कशाबशा म्हणाल्या, "माझ्या ओळखीची एक तूच आहेस गं."

कडी निघाली.

द्वारकाबाई धुराबरोबरच बाहेर कोसळल्या. पहिला मोकळा श्वास घेतला, आणि त्यांचा हात आधी कुठे गेला असेल? कमरेच्या चंचीकडे. सोनकीने ते पाहिलं. ती दोन पावलं मागे सरली. त्या दोन पावलांची लाज द्वारकाबाईंना आयुष्यभर पुरली.

धूर पाहून पहारेकरी धावत आला. त्याने सोनकीचं मनगट धरलं. "सापडली! कडीला हात लावलास?" बघता बघता गर्दी जमली, कुणीतरी आत जाऊन धुमसत्या गोधड्यांवर पाणी ओतलं. तेली म्हणाला, "आगही हिनेच लावली." शेजारीण म्हणाली, "मला तर पहिल्यापासूनच ही नीट वाटत नव्हती."

मग सगळे द्वारकाबाईंकडे बघू लागले. बाळांनो, इथे जरा थांबा. द्वारकाबाई नुसत्या गप्प बसल्या असत्या, तरी पणतीचा दोष पोरीवर गेला असता आणि त्यांचं काम शाबूत राहिलं असतं. साऱ्या नगराने तेच खरं मानलं असतं. रान मात्र पोरीच्या वाट्याला आलं असतं.

द्वारकाबाई उठून उभ्या राहिल्या. "पणती माझ्या हातून पडली. कडी तिने मी सांगितलं म्हणून काढली. हात सोड तिचा."

"अहो, पण ही कुणाची कोण?" पहारेकऱ्याने विचारलं.

"माझी," द्वारकाबाई म्हणाल्या.

सकाळी त्या राजापुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "महाराज, घर बंद करू नका. कडी तेवढी बाहेरची काढून आतून बसवा."

राजाच्या कपाळाला आठी पडली. "आतून कडी लावून घेतली, तर आत काय चाललंय हे आम्हाला कसं कळणार?"

"महाराज, आपल्या महालाची कडी कुठून आहे?"

"आतून."

"आत काय चालतं, हे आम्ही कधी विचारलं?"

राजाने वळून आपल्याच दाराच्या कडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "पुढच्या पौर्णिमेपर्यंत. तोवर बघू." संशय त्याच्या आवाजात होताच, पण सुताराला त्याने त्याच दिवशी पाठवलं.

त्या संध्याकाळी सोनकी मंडईतल्या पोरांना घेऊन आली. पोरं आत गेली. दार लागलं, आणि आतून आवाज आला, खट्. बाहेर एकट्या उभ्या असलेल्या द्वारकाबाईंच्या मनात आलंच, की आत काय करत असतील बरं? मग त्यांनी आपल्याच थोबाडीत हलकेच मारून घेतली आणि त्या घरी गेल्या.

उजाडल्यावर त्या पेजेचं पातेलं घेऊन आल्या आणि त्यांनी दार वाजवलं.

"कोन हाय?"

"मी द्वारका. उघडतेस का गं?"

थोडा वेळ गेला. मग कडी निघाली. सोनकीचे डोळे झोपेने सुजलेले होते, पोटभर झोपेने. तिने वाडगा घेतला आणि सरळ तोंडाला लावला. पाराखालचं कुत्रं तेवढं हिरमुसलं.

नगर काही लगेच सुधारलं नाही. सासवा अजूनही वाट्या बदलत. पण पुढच्या पौर्णिमेला घर इतकं भरलं होतं, की राजाला दुसरं बांधावं लागलं. त्याची कडी कुठून बसवायची, हे सुताराने विचारलं नाही.

बोध एवढाच: निराधाराला नुसतं छप्पर देऊन भागत नाही, दाराची कडीही विश्वासाने त्याच्याच हाती द्यावी लागते, तेव्हा कुठे त्याचं घर होतं.