सरड्याची बहीण

कॉफीची झाडं अजून बोलायची, तेव्हाची ही चिखलदऱ्याची गोष्ट. मळ्यात एक पांढरी कागदी पट्टी आली. कॉफी अस्सल असली, की तिच्यातल्या सत्त्वानं पट्टी निळी व्हायची.

नक्षीदार डब्यातल्या कॉफीत चिंचोक्याची भुकटी मिसळलेली होती. ती डब्यातली कॉफी पट्टीला पाहून घाबरून ओरडली, “रंग बदलणाऱ्यांवर कसला भरवसा? मेली ही सरड्याची बहीण!”

पट्टी डब्यातल्या कॉफीत बुडाली, पांढरीच राहिली. मग मडक्यातल्या साध्या कॉफीत उतरली आणि निळीशार झाली.

फांदीवरचा सरडा खाली आला. “हिला बहीण म्हणायची माझी लायकी नाही हो,” तो म्हणाला. “मी रंग बदलतो तो लपायला, आणि घटकेत परतही घेतो. हिनं बदलला तो खरं सांगायला. आता ही पुन्हा कधीच पांढरी व्हायची नाही.”