उंबरदऱ्याची शीव

एका राज्यात दोन परगणे होते. उत्तरेचा रायाजी देशमुखाचा, दक्षिणेचा सुभानराव देशमुखाचा. मध्ये उंबरदरा नावाचं गाव. शिवेचा वाद पडला की त्या मुलखाची रीत अशी: शिवेवरची माती पाटीत भरून जाणत्याने डोक्यावर घ्यावी आणि अनवाणी चालावं. तो चालेल ती शीव. खोटा चालला, तर धरणीमाता बघून घेईल.

एके वर्षी उंबरदऱ्यात पटकी आली. आता औषध कोण पाठवणार, धान्य कोण देणार? गाव दोघांनाही नकोसं झालं. रायाजीने शीव चालणाऱ्या गोंदजीला दरडावून गावाच्या उत्तरेकडून चालवलं, गाव आपल्या हद्दीबाहेर पडावं म्हणून. दुसऱ्या दिवशी सुभानरावाने दक्षिणेकडून. गोंदजीची पोटची लेक सगुणा त्याच गावात दिलेली, तरी तो भ्याड मुकाट्याने चालला. संध्याकाळी पाटी डोक्यावरून उतरेना. तिच्याच भाराने तो मेला.

आणि जे कुठल्याच परगण्यात नाही, ते कुणाला दिसेनासं झालं. उंबरदऱ्याच्या जागी वाटसरूंना नुसता माळ दिसे. ढगही तिथे थांबत नसत.

गोंदजीची बायको भिवराई लेकीचा माग काढत तो माळ तुडवत राहिली. एकदा दगडावरची टिटवी तिला म्हणाली, “बाई, कुणाला शोधतेस?”

“लेकीला.”

“मग तीन कामं कर. रायाजीच्या उंबऱ्याची माती आण. सुभानरावाच्या उंबऱ्याची आण. दोघांनी ती आपल्या हाताने द्यायला हवी. मग नवऱ्याची पाटी घेऊन खरी शीव चाल.”

“खरी शीव गावाखालच्या, दक्षिणेच्या ओढ्याने जाते. पण ओढा दिसतो कुठे?”

“पायाला ओल लागेल, तिथून चाल.”

रायाजीला भिंतींतून उंबरदऱ्याचं रडणं ऐकू येई; त्याला झोप नव्हती. त्याने माती उकरून दिली आणि तोंड फिरवलं. सुभानराव मात्र हसला. भिवराई अन्नपाणी सोडून त्याच्या दारात धरणं धरून बसली. ती मरायला टेकली, तेव्हा हत्येचं पाप नको म्हणून त्याने मूठभर माती तिच्या पदरात टाकली.

ती उठली. दोन्ही माती भरून नवऱ्याची पाटी तिने डोक्यावर घेतली; ती डोंगराएवढी जड होती. कोरड्या माळावर पाय पोळत होते. मध्येच कुठे टाचेला गारवा लागे, तिकडे ती वळे. ओढा संपला तशी पाटी आपोआप उतरली आणि धुरासकट, घरांसकट उंबरदरा समोर उभा राहिला.

पुढे राजाने दोन्ही देशमुखांची वतनं काढून घेतली. गाव उत्तरेच्या परगण्यात सामील झालं, धान्याच्या गाड्या आल्या, पाऊसही पडला. राज्याची घडी बसली.

पण गाव दिसलं त्या संध्याकाळी भिवराई धावत लेकीच्या दाराशी गेली. सगुणा उंबऱ्यात बसली होती. ती उठली नाही.

“सगुणे, माये, किती शोधलं गं तुला!”

“ठाऊक आहे. रोज याच दारावरून जायचीस. मी हाका मारायचे, तुझा पदर धरायचे. तू तशीच पुढे जायचीस.”

“मला दिसत नव्हतं गं, बाळे.”

“त्यात तुझा काय दोष! पण आई, शेवटी शेवटी, घरात दाणा उरला नाही तेव्हा, पोरीला मी तुझ्या वाटेत आणून ठेवलं होतं. म्हटलं, नातीला तरी आजी उचलेल.”

भिवराईने घरात पाहिलं. पाळणा रिकामा होता.