खिडकीपाशी थांबणारी गाडी

“मग आता झाकण उघडून पाहण्याची गरजच काय, सर?”

शार्दूलने हे विचारले तेव्हा फळा त्याच्या अक्षरांनी भरून गेला होता. हिरेमठ सर चष्मा पुसत होते.

त्यांच्या प्रयोगशाळेचा एक रिवाज होता. नव्या विद्यार्थ्यापुढे आपोआप फिरणारी एक यंत्रगाडी ठेवली जाई. तिच्या झाकणावर लाखेची मोहोर असे. ती फोडायची नाही. गाडी कशी वागते ते पाहायचे आणि तिच्या पोटात कोणते नियम भरले आहेत, ते बाहेरूनच ओळखायचे. ज्याला ते ओळखता येतील, त्याने पुढच्या तुकडीला शिकवायचे.

ती तुकडी शार्दूलला हवी होती. मुले दुपारी यायची होती.

गाडी भिंतीच्या कडेने चालते. पायरी आली की मागे सरते. सर एकेक नियम वाचून मान डोलावत गेले. शेवटच्या नियमावर त्यांचे बोट थांबले. खिडकीपाशी आली की गाडी थांबते आणि वळसा घालून पुढे जाते.

“का थांबते?”

शार्दूलने सविस्तर सांगितले. आधी त्याला उजेडाची शंका आली होती. म्हणून त्याने पडदे ओढून पाहिले, दिवे मालवून पाहिले. गाडी थांबतच राहिली. तेव्हा ती जागाच तिला लक्षात ठेवायला शिकवलेली असावी, असा निष्कर्ष त्याने काढला.

“म्हणजे खिडकीशी तिचं काही जुनं भांडण आहे म्हण.”

शार्दूल हसला नाही.

“तिथे एक स्टूल आहे,” सर म्हणाले.

“हो सर. पहिल्या दिवशी तुम्हीच ठेवलंत. मी त्यावरच बसून निरीक्षणं घेतली.”

“ते काढून पाहिलंस?”

इतका साधा प्रश्न सर विचारतील, असे त्याला वाटले नव्हते.

“पाहिलं ना, सर. स्टूल बाहेर नेऊन ठेवलं. तरीही थांबली.”

“आणि तू?”

“मी... उभ्यानं पाहत होतो.”

“कुठे?”

“...तिथेच.”

सरांनी गाडी सुरू करून जमिनीवर सोडली. मग खिडकीजवळचे स्टूल उचलले, शार्दूलला बाहेर यायची खूण केली आणि दार ओढून घेतले. व्हरांड्यात स्टूल मांडून त्यांनी त्याला त्यावर बसवले. तिथून दाराच्या काचेतून आतले सगळे दिसत होते.

गाडी भिंतीच्या कडेने निघाली. पायरीपाशी मागे सरली. वळली. खिडकीपाशी आली...

आणि न थांबता सरळ पुढे गेली.

दुसऱ्या फेरीतही तशीच गेली. तिसऱ्या फेरीत शार्दूलने काचेवरची नजर काढली आणि आपल्या पायांकडे पाहिले.

जिन्यावर नव्या मुलांचे आवाज येऊ लागले. कोणीतरी कोणाला तरी ‘शहाण्या’ म्हणाले, आणि सगळे हसले.

शार्दूल उठला. फळा पुसून टाकतो, असे तो हळूच म्हणाला. दारापाशी जाऊन थांबला.

“सर... मग ही तुकडी कोण घेणार?”

“तू.”

“पण माझा नियम तर चुकला.”

सरांनी स्टूल उचलून त्याच्या हातात दिले.

“मुलं आत यायच्या आधी हे खिडकीपाशी ठेवून ये.”