मागून येणाऱ्यांचे सदरे

सभापती अप्पासाहेबांच्या जीपचं इंजिन ऑइल वरचेवर कमी होऊ लागलं आणि चोरीचा आळ ड्रायव्हर इलाहीवर आला.

"गळती म्हणतोस, मग अंगणात थेंब कसा नाही?" अप्पासाहेब भरल्या बैठकीत गरजले. "गळती दाखव, नाहीतर किल्ली ठेव!"

इलाहीनं किल्ली ठेवली नाही. जीपमागून मोटरसायकलींवर येणाऱ्या कार्यकर्त्यांना त्यानं पुढं बोलावलं. एकेकाच्या पांढऱ्या सदऱ्यावर, ऐन छातीवर, काळे ठिपके होते.

"गाडी पळायला लागली, की तापलेलं ऑइल सीलमधून सुटतं अन् वाऱ्यानं मागं उडतं. उभ्या गाडीखाली थेंब कुठून यावा?"

अप्पासाहेब कार्यकर्त्यांवर खेकसले, "मग इतके दिवस बोलला का नाहीत रे?"

उत्तर इलाहीनंच दिलं, "तुमच्या मागं यायचं, तर डाग गुपचूप धुवावे लागतात, अप्पासाहेब."